सुट्टीत मुलं वाचनालयात टिकवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या लालबागमधलं, सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. बालविभागात हजारेक पुस्तकं, एक ग्रंथपाल, एक सहायक, २० बाय १५ फुटांची खोली आणि उन्हाळी सुट्टीतल्या उपक्रमासाठी २५,००० रुपये. गेल्या वर्षी 'जास्तीत जास्त पुस्तकं वाचा' अशी स्पर्धा ठेवली. पहिल्या आठवड्यात ७० मुलं आली, बक्षीस समारंभाला ११ उरली. आठवीच्या पुढचं कोणी फिरकलंच नाही. यंदा काय करावं, असं कार्यवाह विचारतात.

गेल्या वर्षी तीन गोष्टी एकदम आड आल्या. स्पर्धा पुस्तकांच्या संख्येची होती, त्यामुळे आठवड्याभरात एका मुलाची २० पुस्तकं झाली आणि ज्याची दोन झाली होती त्याला आपण हरलो हे कळलं. मे महिन्यात अर्धी लालबाग-परळ कोकणात, नाहीतर घाटावर गावी जाते, पण वेळापत्रकाला त्याचा पत्ताच नव्हता. आणि चौदा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलांबरोबर सतरंजीवर बसायला सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

यंदा निर्णय एकच घ्यायचा आहे, बाकीचं त्याच्यामागून येतं: हा उपक्रम शिबिर म्हणून चालवायचा नाही, देवघेव म्हणून चालवायचा. चित्रकला, जादूचे प्रयोग, कागदकाम यांनी खोली भरते, पण पुस्तक घरी जात नाही. जे काही कराल त्याच्या शेवटी मुलाच्या हातात पुस्तक असलं पाहिजे, आणि ते परत करायला त्याने पुन्हा यायला हवं.

परदेशातली पद्धत जशीच्या तशी का चालत नाही, तेही सांगतो. ब्रिटनमध्ये १९९९ पासून सार्वजनिक ग्रंथालयांतून ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी सुट्टीतलं वाचन-आव्हान चालतं; लक्ष्य सहसा फक्त सहा पुस्तकांचं असतं. ते सहा का, हे समजून घेण्यासारखं आहे. सहा हा आकडा हळू वाचणाऱ्यालाही गाठता येतो. तेवढं उचलावं. पण तिकडे मुलाला फुकट कार्ड मिळतं. आपल्याकडे १८९८ च्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी वाचनालयं संस्थांनी चालवलेली, वर्गणीवर उभी. म्हणून पहिला अडसर पुस्तकाचा नसतोच, तो अर्जाचा असतो. अनामत, प्रवेश फी, महिन्याची वर्गणी, दोन सभासदांची शिफारस, पत्त्याचा पुरावा. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईने मुलासाठी हे सगळं करावं अशी अपेक्षा असेल, तर उपक्रम काउंटरवरच संपला.

त्यामुळे मार्चच्या सभेत एक ठराव करून घ्या: १५ एप्रिल ते ३० जून 'सुट्टी कार्ड'. अनामत नाही, शुल्क २० रुपये, कागदपत्र म्हणून शाळेच्या ओळखपत्राची प्रत आणि पालकाची सही. एका वेळी दोन पुस्तकं. विलंब शुल्क नाही. हरवलं तर दंड नाही, त्याऐवजी घरातलं एखादं चांगलं पुस्तक आणून द्यायचं. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर कोणीतरी 'मग पुस्तकं परत कशी येणार?' असं विचारणारच. काही येणार नाहीत. पण पाच वर्षं कपाटात पडून जाणाऱ्या पुस्तकापेक्षा एखाद्या घरात राहून गेलेलं पुस्तक बरं, एवढं त्यांना पटवा. पटत नसेल तर पुनर्बांधणी-दुरुस्तीच्या खात्यात थोडी रक्कम धरून ठेवा, म्हणजे वाद आकड्यांवर येऊन मिटतो.

वेळापत्रक मुंबईच्या सुट्टीला धरून आखायचं. राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. केंद्रीय मंडळांच्या शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणून एप्रिलमधली वेळ संध्याकाळची ठेवली तर ती मुलंही येतात. माझ्या मते दोन तुकडे करावेत. पहिला साधारण २२ एप्रिल ते १० मे, दुसरा १ ते १३ जून. मधले तीन आठवडे काउंटर नेहमीसारखं उघडं, आठवड्यातून एकदाच गोष्ट. हे मधले दिवस भरून काढायला सगळा जोर लावला, तरी ज्यांनी तिकीट काढलंय ती मुलं गावी जायची थांबत नाहीत.

त्यांच्याबरोबर पुस्तकं पाठवावीत. 'गावची पिशवी' म्हणजे एक कापडी पिशवी, आत एक जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात पाच पुस्तकं आणि 'किशोर' मासिकाचा एखादा जुना अंक. मुदत ३५ दिवस. पाचांतली तीन मुलाने निवडायची, एक ग्रंथपालाने आणि एक घरातल्या कोणीही मोठ्याने वाचून दाखवावं असं. गावाला रात्री वीज गेली की हे पाचवं पुस्तक कामाला येतं, आणि आजी-आजोबाही ऐकतात. पिशवीला नंबर द्या आणि नोंदवहीत पिशवीच्या नंबरपुढे आपण घातलेल्या दोन पुस्तकांचे दाखल क्रमांक (वाचनालयाने पुस्तकाला दिलेला नंबर) आधीच लिहून ठेवा. मुलाने निवडलेली तीन तेवढी आयत्या वेळी भरायची. असं केलं नाही तर ९ मेच्या संध्याकाळी ३० पालक एकदम येतात आणि रांग जिन्यापर्यंत जाते. ४० पिशव्या पुरतात. त्यांतली आठ-दहा पुस्तकं परत येणार नाहीत हे आधीच धरून चला.

आतलं प्लास्टिक शोभेसाठी नाही. मुलं परततात ती जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आणि मुंबईत मोसमी पाऊस साधारण त्याच सुमाराला पोचतो. ओलं पुस्तक तसंच कपाटात ठेवलं तर चार दिवसांत बुरशी धरते आणि शेजारच्या पुस्तकांनाही लागते. नुसतं दमट असेल तर पानं पंख्यासारखी उघडून टेबलावर उभं करा, वर पंखा सोडा, उन्हात मात्र ठेवू नका. भिजलेलंच असेल तर दर आठ-दहा पानांनंतर टीपकागद घाला आणि तो बदलत राहा. गुळगुळीत आर्ट पेपरवरचं चित्रपुस्तक असेल तर घाई करावी लागते. ती पानं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि मग सोडवताना चित्रच निघून येतं. ओली असतानाच प्रत्येक पान सुटं करून मध्ये कागद घालायचा, वेळ लागला तरी.

आता पुस्तकांकडे. हजार पुस्तकं आहेत हा आकडा दाखल नोंदवहीतला. प्रत्येक पुस्तकाचं मागचं पान उघडा आणि तारखांची चिठ्ठी बघा. गेल्या तीन वर्षांत एकही शिक्का नाही, कागद पिवळा पडलाय, अक्षर बारीक आहे, मुखपृष्ठाला खाकी कागद चढवलाय, अशी सगळी बाजूला काढा. नोंदवहीतून नाव कमी करायला रीतसर ठराव लागतो. तो होईपर्यंत ती दुसऱ्या कपाटात हलवायला कोणाची हरकत नसावी. जिवंत पुस्तकं बहुधा निम्म्याहून कमीच निघतील. घाबरू नका, गरज किती आहे ते मोजा: ४० पिशव्यांत २००, मुंबईत राहिलेल्या ३० मुलांकडे प्रत्येकी दोन म्हणजे ६०, आणि निवडायला समोर किमान दीडशे. एकूण ४०० च्या आसपास. तेवढी चांगली पुस्तकं हाताशी असली की काम चालतं. कमी पडतील तेवढीच विकत घ्या.

खरेदीत एक चूक वारंवार होते: 'बालसाहित्य संच' म्हणून एकगठ्ठा सवलतीत मिळणारी पुस्तकं. त्यात थोर पुरुषांची चरित्रं आणि बोधकथा ठासून भरलेल्या असतात. मुलं ती उघडून बघतात आणि परत ठेवतात. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची मराठी चित्रपुस्तकं एकेक हाताळून निवडा; त्यांतली बरीचशी स्वस्त असतात. पैसे अगदीच कमी असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे २०१५ पासून चालणारं संकेतस्थळ आहे. तिथल्या मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे उतरवून घेऊन छापायलाही परवानगी आहे. त्या चार पातळ्यांत लावलेल्या असतात. पहिल्या पातळीत मोजके शब्द नि पुनरावृत्ती, चौथीत सलग मजकूर. घरच्या प्रिंटरवर छापून मध्ये दोन टाचण्या मारल्या तरी मुलं वाचतात. लॅमिनेशन करू नका, पानं जाड होतात आणि पुस्तक मिटत नाही.

कपाटांना कुलूप असेल तर ते निदान दीड महिना काढा. मुक्तद्वार पद्धतीशिवाय, म्हणजे कपाटापाशी स्वतः जाऊन पुस्तकं चाळता आल्याशिवाय, मूल पुस्तक निवडू शकत नाही. आणि पुस्तकं कणा दाखवून उभी लावण्याऐवजी मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडा. जागा नाही म्हणाल, तर भिंतीला दोन खिळे ठोकून सुतळी बांधा आणि पातळ पुस्तकं मधल्या पानावर तिच्यावर अडकवा. खर्च दहा रुपये. त्या सुतळीवरचीच पुस्तकं सगळ्यात आधी उचलली जातात.

दिवस वाटून घ्या: सोमवार-गुरुवार ४ ते ७ वयाची मुलं, मंगळवार-शुक्रवार ८ ते ११ ची, बुधवार-शनिवार मोठी. यामागे साधा हिशोब आहे. एका मुलाची दोन पुस्तकं जमा करून दोन नवी लिहायला दोन मिनिटं लागतात. २५ मुलं आली तर एका माणसाची ५० मिनिटं नुसती लिहिण्यात जातात, आणि पालक दारात ताटकळतात. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन १९३१ साली ग्रंथालयाच्या पाच सूत्रांत सांगून गेले, ते इथे शब्दशः लागू आहे. दोन टेबलं लावा, दाराशी जमा आणि आत वितरण. मुलांच्या नोंदी तारीखवार न करता प्रत्येक मुलाचं एक स्वतंत्र पान ठेवा, म्हणजे शोधाशोध वाचते. आणि देवघेव तासाच्या शेवटी ठेवू नका. शेवटी घाई असते, आई हात ओढत असते, मग मूल समोर दिसेल ते उचलतं. गोष्ट झाली की लगेच दहा-पंधरा मिनिटं निवडीला द्या, उरलेला वेळ तिथेच बसून वाचायला.

गोष्ट वाचून दाखवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त हौस आणि सगळ्यात जास्त गफलत होते. बोलावलेला कथाकथनकार पुस्तकाशिवाय, हातवारे करून, आवाज काढून गोष्ट सांगतो. मुलं खूश होतात, टाळ्या वाजवतात आणि रिकाम्या हाताने घरी जातात, कारण त्या गोष्टीचं पुस्तक तिथे नसतंच. पुस्तकातूनच वाचा, आणि त्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती व त्याच जातीची आठ-दहा पुस्तकं बाजूच्या टेबलावर मांडून ठेवा. पुस्तक मांडीवर ठेवून वर उचलून दाखवायचं नाही; गालाच्या उंचीवर, एका बाजूला, पान मुलांकडे करून धरायचं आणि आपण कडेने वाचायचं. नजर जात नसेल तर मजकूर आधीच पाठ झालेला हवा. बैठक अर्धगोल आणि शेवटचं मूल आठ फुटांच्या आत, नाहीतर मागच्यांना चित्र दिसत नाही आणि तिथूनच चुळबूळ सुरू होते. ही चुळबूळ शिस्तीने थांबत नाही, जवळ बसवल्याने थांबते. ३२ पानांचं चित्रपुस्तक आठ ते दहा मिनिटांत होतं. घरी एकदा घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा. मध्ये एखाद्याच ठिकाणी, पान उलटण्याआधी, थांबून विचारा, 'आता काय होईल?' शेवटी 'यातून काय शिकलात?' हे विचारायचं नाही. तो प्रश्न आला की मुलांना शाळा सुरू झाल्याचं लक्षात येतं.

इंग्रजी माध्यमातली मुलं हा मुंबईतला सगळ्यात अवघड भाग. घरी फाडफाड मराठी बोलणारा दहा वर्षांचा मुलगा मराठी पुस्तक हातात घेत नाही. त्याला भाषा येत नाही असं नाही, डोळा अडखळतो. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर. 'सूर्य' मधला रफार य च्या डोक्यावर बसलेला, पण म्हणायचा य च्या आधी. इंग्रजी डावीकडून उजवीकडे सरळ वाचत आलेल्या मुलाला प्रत्येक ओळीत असं मागेपुढे करावं लागतं, आणि शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्याला बालवाडीचं पुस्तक दिलं तर अपमान वाटतो, आणि वयाचं दिलं तर पानही ओलांडत नाही.

तिथे हे चालतं: चित्रकथा, कोडी, विनोद, क्रिकेटवरचे छोटे मजकूर, आणि जिथे एक ओळ पुन्हा पुन्हा येते अशा साखळीच्या गोष्टी. अक्षर मोठं, ओळ आखूड. शेजारी बसलेल्या मोठ्या मुलाने बोट फिरवत एक वाक्य वाचायचं, याने तेच म्हणायचं. असं पान संपलं की तेच पान पुन्हा, या वेळी एकत्र. तिसऱ्यांदा याने एकट्याने. पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. अडलेलं जोडाक्षर फोडत बसायचं नाही, शब्द सांगून पुढे जायचं. आठवड्यातून दोनदा असं झालं तर शाळा उघडेपर्यंत गोडी लागते. सफाई यायला वर्ष जातं, पालकांना तेवढं आधी सांगून ठेवा. आणि इंग्रजी, हिंदी, गुजराती कुठल्याही भाषेतलं पुस्तक कार्डावरच्या शिक्क्याला (त्याबद्दल पुढे येतंच) पात्र धरा. मराठीचा आग्रह कार्डावर लिहून मराठी वाढत नाही.

पुस्तक झेपेल का हे बघायची 'पाच बोटांची' युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते: एक पान वाचायचं, प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर पुस्तक कठीण. ती साधारण शंभर शब्दांच्या पानासाठी आहे. आपल्या चित्रपुस्तकाच्या पानावर ३०-४० शब्द असतात, तिथे दोन बोटं मिटली तरी कठीणच समजा. पाचाची वाट पाहिलीत तर मूल चुकीचं पुस्तक घेऊन घरी जातं आणि पुन्हा येत नाही.

आता कार्ड आणि शिक्के. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, त्यावर सहा चौकोन. शिक्का मिळतो तो वाचून झालेल्या पुस्तकाला नाही, पुस्तक बदलायला आल्याला. न आवडलेलं पुस्तक अर्धवट सोडून परत आणलं तरी शिक्का. यावर मंडळात कुरकुर होते, 'मग वाचलं की नाही कसं कळणार?' कळत नाही, आणि कळून घ्यायला गेलात तर मुलं सारांश पाठ करून येतात. गावची पिशवी परत आणली की दोन शिक्के. कार्डावर फक्त पहिलं नाव आणि कार्ड क्रमांक. आडनाव, पत्ता, फोन नोंदवहीत. कार्डं रस्त्यात पडतात.

बक्षीस आधी जाहीर करू नका. मानसशास्त्रज्ञ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी सांगितलेल्या मुलांनी नंतर आपणहून चित्रं काढणं कमी केलं. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं त्यांच्यात तसा फरक पडला नाही. वाचनाच्या बाबतीत हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, तुमचा गेल्या वर्षीचा ११ चा आकडा पुरे. शेवटी चार शिक्के झालेल्या प्रत्येकाला एकेक पुस्तक भेट द्या, पण न सांगता. देणगीदारांना 'पहिले तीन क्रमांक' आणि व्यासपीठ हवं असतं. त्यांना पुस्तकांच्या प्रती द्यायला सांगा आणि आत त्यांच्या नावाची चिकटपट्टी लावा. पुस्तक असेपर्यंत नाव राहतं, फोटो दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर खाली जातो. हा युक्तिवाद सहसा लागू पडतो.

कुमारवयीन मुलांसाठी पहिलं काम म्हणजे त्यांच्या पाटीवरून 'बाल' हा शब्द काढणं. दुसरं वेळेचं. नववी झालेल्या मुलांचे दहावीचे व्हेकेशन क्लास सुट्टीतच चालू होतात. त्यांना सकाळी बोलावून उपयोग नाही. बुधवार-शनिवार संध्याकाळी साडेसहा ते आठ, मोठ्यांच्या वाचनकक्षाच्या एका कोपऱ्यात, खुर्च्यांवर. पाऊण तास प्रत्येकाने आपापलं वाचायचं, मग जमतील तेवढ्या गप्पा. मोबाइलवर वाचत असतील तर वाचू द्या. पुस्तक परीक्षण लिहायला सांगू नका. त्याऐवजी फळीच्या कडेला लावायची चिठ्ठी: बोटभर रुंद पट्टी, जास्तीत जास्त २० शब्द, खाली आद्याक्षर आणि वय. 'पहिली ३० पानं कंटाळवाणी, नंतर झोप उडते' असं चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेलं वाचून दुसरी मुलगी पुस्तक उचलते. ग्रंथपालाच्या शिफारशीवर उचलत नाही.

आणि त्यांना पैसे द्या. ४,००० रुपये, यादी त्यांची. दोन नियम: मंडळ नावं कापणार नाही, आणि पुस्तकं आणल्यावर देवघेवीला लावण्याचं काम त्यांनीच करायचं. भय, रहस्य, मांगा (जपानी चित्रकथा), खेळाडूंची आत्मचरित्रं, प्रेमकथा, यांतलं काहीही येईल. येऊ द्या. ग्रंथपालांबरोबर एका दुपारी दादरच्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन घेतलेली पुस्तकं वाचली जातातच. किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात, पण तिथे रीतसर बिल मिळणं कठीण. तो खर्च अनुदानात दाखवू नका, देणगीच्या रकमेतून करा, नाहीतर लेखापरीक्षणात अडकतो.

मदतनीसांसाठी बाहेर शोधू नका. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीच्या प्रवेशापर्यंत ही मुलं मोकळी असतात. त्यांतले दहा-बारा 'वाचनमित्र' निवडा. दोन तासांचं प्रशिक्षण पुरतं: नोंद कशी करायची, बोट फिरवत कसं वाचायचं, लहान मूल रडलं तर काय करायचं. आठवड्याला दोन पाळ्या, शेवटी तासांचा उल्लेख असलेलं प्रमाणपत्र. यांच्यातले निम्मे निकालाच्या आठवड्यात गायब होतात, म्हणून गरजेपेक्षा चार जास्त घ्या.

इथे एक गोष्ट सैल सोडायची नाही. मुलं आवारात असताना दोन प्रौढ माणसं हजर हवीत, कुठलाही स्वयंसेवक आणि मूल बंद दाराआड एकटे नकोत, मूल कोणाबरोबर घरी जाणार हे पालकांकडून लिहून घ्यायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाच्या लैंगिक छळाची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळात बघून घेऊ' हा पर्याय कायद्यात नाही. फोटोंसाठी वेगळी संमती घ्या आणि फोटोखाली मुलांची नावं टाकू नका.

प्रसिद्धीला फलक कमी, माणसं जास्त. आसपासच्या पालिका व खासगी शाळांच्या मुख्याध्यापकांना एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच भेटा. निकालानंतर शाळेत कोणी सापडत नाही. निकालाच्या दिवशी पालक शाळेत येतातच, त्या दिवशी दाराशी टेबल टाकून कार्डं तिथेच भरून द्या. बाकी चाळीचा जिना आणि गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा फळा. मंडळाच्या पोरांना सांगितलं तर ती घरोघरी निरोप पोचवतात.

पंचवीस हजारांची वाटणी मी अशी करेन: मुलांची पुस्तकं ९,०००, मोठ्यांची ४,०००, कापडी पिशव्या ४० नग २,४००, कार्डं आणि छपाई १,२००, कागद-रंग-टीपकागद १,५००, शेवटची भेटपुस्तकं ५० रुपयांच्या दराने ६० प्रती ३,०००, बाहेरून बोलावलेल्या दोघांचं मानधन २,०००, बांधणी-दुरुस्ती १,०००. उरलेले ९०० पाण्याच्या जारला. टोप्या, टी-शर्ट, बॅनर यांत एक रुपयाही नाही. खाऊही नको, खाऊ सुरू केला की खाऊसाठीच येणारी मुलं आणि पुस्तकांवर तेलाचे डाग दोन्ही येतात.

मोजायचं काय? नोंदणी किती झाली हे पहिल्याच दिवशी कळतं आणि त्याला फारसा अर्थ नाही. तिसऱ्यांदा किती मुलं आली ते मोजा. पहिली फेरी आईची, दुसरी उत्सुकतेची, तिसरी मुलाची स्वतःची असते. तिसऱ्या फेरीआधीच गळती दिसली तर दोन गोष्टी तपासा: वेळ गैरसोयीची आहे का, आणि मुलांनी पहिल्यांदा नेलेली पुस्तकं कठीण होती का. बहुतेकदा दुसरं कारण निघतं. जोडीने, उपक्रमात एकदाही न हललेली पुस्तकं लिहून ठेवा, पुढच्या वर्षीची खरेदी त्या यादीवरून सुधारते.

समारोप करायचाच असेल तर शाळा उघडण्याआधीच्या शनिवारी, ४० मिनिटांचा, पाहुण्यांची भाषणं मिळून दहा मिनिटांत. त्या दिवशीही देवघेवीची दोन्ही टेबलं चालू ठेवा आणि एका टेबलावर नियमित सभासदत्वाचे अर्ज, नाव-पत्ता सुट्टी कार्डावरून आधीच भरलेले, फक्त पालकांच्या सहीची जागा मोकळी. दिवाळीपर्यंतची वर्गणी तिथेच हप्त्याने घ्या.